डायलिसिस थांबवू नका, गाऱ्हाणेही थांबवू नका

ताई, सलाम.

तुमचे पत्र दोनदा वाचले आणि मग अंगणात एक फेरी मारून आलो. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहायला बसलो असतो तर जे लिहिले असते ते तुम्ही न वाचलेलेच बरे. राग तुमच्यावर नव्हता.

तुम्ही लिहिता की यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन दीड वर्ष झाले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. कारखान्यातले काम सुटले, पतपेढीचे हप्ते थकले, मुलगा यंदा दहावीला. त्यात मागच्या बुधवारी घरच्या प्रार्थनासभेला बाहेरगावाहून आलेल्या एका सेवकाने, म्हणजे प्रचारकाने, सगळ्यांदेखत सांगितले की तुमचा भरवसा निम्मा देवावर आणि निम्मा मशीनवर आहे, म्हणून आरोग्य अडून राहिले आहे. पूर्ण भरवसा ठेवा आणि सुया टोचून घेणे सोडा. तेव्हापासून यजमान गप्प आहेत. तुमचे विचारणे असे की पूर्ण भरवसा म्हणजे नक्की काय, आणि रात्री तीनला छातीत धडधडून जाग येते ते अविश्वासाचे पाप आहे का.

आधी निकडीचे. डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका. किडनी काम करत नसली की पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदय बंद पाडते. पाणी साठून फुप्फुसांत चढते. प्रार्थना करणाऱ्याच्या शरीरातही ते तसेच साठते. मी एकतीस वर्षे पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू होतो, नगरकडच्या खेड्यांत आणि नंतर शहरात, आणि त्यातला बराच काळ दवाखान्याच्या वॉर्डांत गेला. असल्याच सल्ल्यावरून डायलिसिस सोडलेल्या एका माणसाचा अंत्यविधी मी केला आहे. सल्ला देणारे त्या दिवशी आले नव्हते.

देव की मशीन, हा वादच पवित्र शास्त्रातला नाही. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. यशया संदेष्ट्याने निरोप आणला की देवाने तुझे अश्रू पाहिले, तुझे आयुष्य १५ वर्षे वाढवले आहे. याहून पक्के वचन कोणाला मिळणार? आणि तोच यशया पुढे सांगतो की अंजिरांचे पोटीस, म्हणजे लेप, आणून गळवावर बांधा. वचनही देवाचे, पोटीसही देवाचे. हिज्कीयाला कोणी म्हटले नाही की तुझा भरवसा निम्मा अंजिरांवर आहे. प्रेषित पौलाच्या सोबत लूक नावाचा वैद्य फिरत होता. तीमथ्याला पौल पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात मागे ठेवून आल्याचे सरळ लिहितो. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले, त्याचाच सोबती आजारी राहिला. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असे पौलाने एका शब्दानेही म्हटलेले नाही.

खर्चाचेही इथेच उरकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. केंद्राचा मोफत डायलिसिसचा कार्यक्रमही २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतून चालतो, त्याची चौकशी करा. खाजगीत पैसे भरत असाल तर या एका चौकशीने घरातले निम्मे ओझे हलके होऊ शकते. पाळकाने योजनेचे काय सांगावे असे काहींना वाटते. मला वाटते, तेही पाळकपणच.

आता ‘पूर्ण’ या शब्दाकडे येऊ. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातले वचन तुमच्या तोंडपाठ असणार: सगळ्या मनाने परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर टेकून राहू नको. आपण या ‘सगळ्या’चा अर्थ शंभर टक्के असा लावतो, जणू दहावीचे मार्क. नव्याण्णव मिळाले तर नापास. पण तिथे मोजमाप नाही. सगळ्या मनाने म्हणजे मनाचा एकही कोपरा मागे न ठेवता. जो कोपरा भेदरलेला आहे तोही घेऊन, जो देवावर रुसलेला आहे तोही घेऊन. भीती दाराबाहेर ठेवून उपासनेला येणारा माणूस खरे तर अर्ध्या मनाने आलेला असतो. आणि बुद्धीवर टेकू नको म्हटले आहे, ती गहाण ठेव असे म्हटलेले नाही.

हे मी आज सहज लिहितो आहे. शिकायला मला फार वेळ लागला. नवा पाळक होतो तेव्हाची गोष्ट. एका वस्तीवर तीन वर्षांचे लेकरू तापाने गेले. मी गेलो, आईसमोर बसलो आणि बोलू लागलो. देवाची योजना असते, त्याला फुले आवडतात म्हणून तो कळ्याही खुडतो, असले काहीबाही. कोपऱ्यात मुलाची पणजी बसली होती. तिने माझ्यापुढे कप सरकवला आणि म्हणाली, “पाळकबुवा, चहा घ्या. आन जरा गप बसा.” मी गप्प बसलो. तासभर कोणी बोलले नाही. मग ती आई उठून माझ्यासमोर आली आणि तिने मुलाच्या टोपीची लोकर उसवून दाखवली, कुठे टाका चुकला होता ते. एवढेच. शास्त्रातल्या दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर नुसते बसून होते, आणि तेवढेच त्यांचे बरोबर आले. तोंड उघडले तिथे घोटाळा झाला. शेवटी देव त्या तिघांनाच सांगतो की माझ्याविषयी तुम्ही ठीक बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. ईयोब काय बोलला होता? जन्मदिवसाला शाप दिला होता, देवाला कोर्टात ओढायची भाषा केली होती. देवाची बाजू सांभाळून बोलणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर निघाला. बुधवारच्या सभेत हा अध्याय कोणी वाचलेला दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, मग रानातल्या इस्राएलींनी कुरकुर केली तेव्हा देव का रागावला? प्रश्न रास्त आहे, महिला मंडळातही मला दर वेळी विचारला जाई. शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात उत्तर आहे: ते आपापल्या तंबूंत बसून कुरकुरत होते. देवाविषयी बोलत होते, देवाशी नाही. स्तोत्रकर्ता तंबूत बसून कुजबुजत नाही, तो थेट समोर येऊन ओरडतो. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा सवाल चार वेळा येतो. दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी असल्याच गाऱ्हाण्यांचा आहे. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधार या शब्दावर संपते, शेवटी आशेचा एक दिवाही न लावता, आणि तरी ते मंदिरात गायले जाई. आपल्या उपासनेत मात्र आपण साक्ष देतो तेव्हा गोष्ट संपलेली असावी लागते. आजार होता, प्रार्थना केली, बरा झालो, हालेलूया. ज्याची गोष्ट अजून मधेच आहे त्याने मागच्या बाकावर बसायचे. हा आपल्या मंडळ्यांचा, म्हणजे चर्चचा, दोष आहे, तुमचा नाही.

भरवसा कसा दिसतो असे कोणी विचारले तर मी सहसा यिर्मया संदेष्ट्याचा बत्तिसावा अध्याय काढतो. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडला आहे. शहर पडणार हे खुद्द यिर्मयाच सांगत आला आहे, म्हणून राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात अडकवून ठेवले आहे. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो: अनाथोथचे माझे शेत विकत घे, भाऊबंदकीने हक्क तुझा आहे. अनाथोथ शत्रूच्या फौजांनी व्यापलेल्या मुलखात. आपल्याकडे धरणाच्या बुडीत क्षेत्रातली जमीन गळ्यात मारतात ना, तसलाच व्यवहार. देव म्हणतो, घे. यिर्मया १७ शेकेल रुपे तराजूत तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला बारूखाला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असे देव म्हणतो.

इथवर सगळे जण सांगतात. पुढचे सांगत नाहीत. व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो, तुला अशक्य असे काही नाही अशी सुरुवात करतो, आणि प्रार्थना संपता संपता त्याच्या तोंडून निघतेच: ते बघ वेढ्याचे मोर्चे, शहर हातचे गेल्यात जमा आहे, आणि तू मला म्हणतोस रुपे देऊन शेत घे! सही आधी झाली, कोडे नंतरही सुटलेले नव्हते. मला इथे भरवसा दिसतो. त्याच्या मनात शांती होती की नाही हे त्या अध्यायात कुठेच लिहिलेले नाही. मडके मात्र नीट ठेवले होते.

तुमचे मडके कोणते, ते तुमच्या पत्रातच आहे. दर खेपेला पाच वाजता उठून डबा भरता, एसटी धरता, यजमानांचे पाणी मापून ठेवता, मुलाचा दहावीचा फॉर्म वेळेत भरलात. तुम्ही हे सगळे ‘संसाराची कटकट’ म्हणून एका ओळीत उरकले आहे आणि भरवशाबद्दल दोन पाने रडला आहात. मी उलटे वाचले. तो फॉर्म म्हणजे तुमचे खरेदीखत आहे.

भिंतीवरच्या वचनांविषयीही थोडे बोलू, कारण तुमच्या पत्रात तीन वचने कॅलेंडरावरची आहेत. यिर्मया २९:११, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, हे दर दुसऱ्या ख्रिस्ती घरात असते. त्याच्या वरची ओवी कॅलेंडरवाले छापत नाहीत. तीत ७० वर्षे म्हटले आहे. हे पत्र बाबेलच्या पाडावपणात, म्हणजे बंदिवासात, गेलेल्यांना होते, आणि ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परत जाणार नव्हते. त्यांना सांगितले काय? घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा. तसेच विलापगीतातले, देवाची दया रोज सकाळी नवी होते हे. फार गोड. पण त्याच अध्यायात वर जा. देव माझ्यासाठी दबा धरून बसलेले अस्वल झाला, त्याने खड्यांनी माझे दात पाडले, असे म्हणणारा माणूस काही ओव्यांनंतर रोज सकाळच्या दयेविषयी बोलतो. दात पडलेल्या तोंडातून आलेले ते वाक्य आहे. ते घड्याळावर छापून बिघडले नाही, पण ते कुठून आले हे विसरले की दुःखी माणसाच्या डोक्यात घालायला त्याचाच दगड होतो.

आणि आपल्याच मातीतले पाहायचे तर पंडिता रमाबाईंचे आयुष्य वर्षांप्रमाणे मांडून बघा. सोळा-सतरा वर्षांच्या होत्या तोवर दुष्काळाने आई-वडील नेले, थोरली बहीणही गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती, आणि पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा. बाप्तिस्मा १८८३ चा. त्यानंतर सगळे सुरळीत झाले का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून केडगावला घेऊन आल्या, आणि त्यांच्या पोटाची विवंचना जन्मभर त्यांच्याच डोक्यावर राहिली. जिच्या हाती केडगावची आपली संस्था, मुक्ती मिशन, सोपवायची ती मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. अखेरची ती वर्षे त्या इब्री आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याच्या कामाला जुंपलेल्या होत्या. या बाईंचा भरवसा निम्मा होता असे म्हणायला त्या सेवकाला केडगावच्या आवारात उभे करा. मी यायला तयार आहे.

रात्री तीनचे. ते पाप नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः जमिनीवर पालथा पडला होता, घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळत होता, आणि हा प्याला टळो अशी एकच विनंती त्याने तीनदा केली. भीतीला जर अविश्वास म्हणायचे तर त्या बागेचे काय करायचे? तेव्हा जाग आली की आधी उठून बसा, पाणी प्या. भीतीशी वाद घालू नका, तीन वाजता कोणी वादात जिंकत नाही. वहीत एक ओळ लिहा, नेमकी कशाची भीती ते. ‘पतपेढीची नोटीस’ असेल तर तेवढेच. मग तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचा, सहाच ओव्या आहेत. नवी प्रार्थना रचायची गरज नाही. सकाळी वही उघडा आणि त्या ओळीसमोर लिहा की आज यात आपल्या हातचे काय आहे. पतपेढीच्या व्यवस्थापकाला जाऊन भेटणे हातचे आहे. वैद्यकीय कागद दाखवून हप्ता लांबवून मागता येतो, पुष्कळदा मिळतो. जे हातचे नाही तिथे नुसती एक रेघ मारा. रेघ मारणे हीही प्रार्थनाच असते. सलग पंधरा दिवस झोप लागली नाही, जेवण जाईना, जगणे नको वाटू लागले, तर डॉक्टरला सांगा. तेही पोटीसच आहे.

माझे म्हणाल तर आठ वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. पोटाचा कर्करोग. आम्ही उपास केले, तेल लावले, तीन मंडळ्यांनी रात्रभर प्रार्थना केली. ती गेली. नंतरचे दोन-अडीच महिने मला प्रार्थना करता आली नाही. आदितवारी व्यासपीठावर उभा राहून प्रभूची प्रार्थना सुरू करायचो आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’पाशी आवाज बंद व्हायचा. पहिल्या आदितवारी सगळे घाबरले. दुसऱ्या आदितवारी पुढच्या बाकावरच्या निवृत्त नर्सबाईंनी ती ओळ म्हटली आणि सगळ्यांनी ओढून नेली. मग तसाच रिवाज पडला. मी थांबायचो, ते म्हणायचे. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षघाती माणसाला खाटेसकट छपरातून खाली सोडतात, आणि येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असे लिहिले आहे. खाटेवरच्याचा किती होता, हे कोणी विचारले नाही. पूर्ण भरवसा हा एकट्या माणसाने पुरा करायचा कोटा नाही, हे मला पाळक असून साठीनंतर कळले.

म्हणून यजमानांना आत्ता भरवशावर प्रवचन देऊ नका. गप्प आहेत तर राहू दे. तुमच्या मंडळीच्या पाळकांना आणि मंडळीतल्या दोन वडिलांना, म्हणजे ज्येष्ठांना, घरी बोलवा. याकोबाच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे आहे, पाहुण्या सेवकाने येऊन निकाल द्यावा असे नाही. प्रार्थना, तेल, आणि नंतर चहा, यजमानांना त्यांच्या मापाचा अर्धा कप. आणि त्या सेवकाने ‘विश्वासाचे बी’ म्हणून पैसे पेरायला सांगितले असेल, तुमच्या पत्रात तसा ओझरता उल्लेख आहे, तर एक रुपयाही देऊ नका. कर्ज काढून अर्पण देव मागत नाही. आपण वाडवडिलांचे नवस सोडले म्हणतो आणि तेच नवे नाव देऊन घरात घेतो.

एक मास्तर होते, सहा वर्षे डायलिसिसवर. हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. तो चालू असला की कातडीखाली मांजर घुरघुरावे तशी थरथर बोटाला लागते. बंद पडला तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. त्यांच्या पत्नी रोज पहाटे दिवा लावायच्या आधी अंधारातच त्यांच्या मनगटावर दोन बोटे ठेवत. थरथर लागली की म्हणत, “चालू आहे, प्रभू.” मास्तर डोळे मिटूनच म्हणत, “आमेन.” मी मुक्कामाला होतो त्या पहाटे भिंतीपलीकडून मला हे ऐकू आले होते. त्यांची सकाळची प्रार्थना एवढीच होती. सहा वर्षांत त्यांनी आणखी काही मागितले असेल, मला माहीत नाही.

यजमानांची पाळी कोणत्या दोन वारी असते आणि सुई किती वाजता लागते ते कळवा. चार तास चालते ना? इथे आम्ही चौघे निवृत्त आहोत, त्या नर्सबाई धरून. एकेक तास वाटून घेतो.